तिसऱ्या फेरीत किकर न घेण्याबाबत

प्रति,
मा. महाव्यवस्थापक (खेळाडू निवड),
टोलेडो ग्लासमेन फुटबॉल क्लब,
टोलेडो, ओहायो.

अर्जदार: युजीन प्लेवा, वार्षिक तिकीटधारक, उत्तर टोक, विभाग ११४.

विषय: येत्या ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, तिसऱ्या फेरीत किकर निवडू नये, आणि त्याचे नाव मंचावरून वाचण्याच्या सन्मानातून मला सोडवावे, याबाबत.

संदर्भ: (१) ‘वर्षाचा निष्ठावान प्रेक्षक’ म्हणून मला आलेले आपले निमंत्रणपत्र. (२) गेला संपूर्ण मोसम.

महोदय,

१. मी काउंटीच्या वाहन परवाना कार्यालयात लिपिक आहे. लोकांचे अर्ज वाचणे आणि त्यांतले बरेचसे परत पाठवणे हे माझे काम. अर्जात राग दिसता कामा नये, असे मी स्वतःच लोकांना खिडकीतून सांगत असतो. या अर्जात तो दिसल्यास मला नियम ठाऊक नाही असे कृपया समजू नये. खरे तर हा राग नव्हेच, किळस आहे. राग यायला समोरच्याकडून काहीतरी अपेक्षा असावी लागते.

२. आपल्या निमंत्रणासोबत एक प्रश्न आला आहे: “यंदाच्या निवडींबद्दल आपला अंदाज काय?” हे उत्तर माझ्या हसऱ्या छायाचित्रासह प्रसिद्ध होणार असल्याचे कळते. अंदाज खाली देत आहे. छायाचित्र जोडलेले नाही, कारण हसू येत नाही.

३. पहिली फेरी. तीन सामने जिंकून चौदा हरल्यामुळे आपल्याला अगदी वरचा क्रमांक मिळाला आहे. जो सर्वांत वाईट खेळतो त्याला चांगला खेळाडू आधी उचलू द्यायचा, हा या लीगचा दयाळूपणा आपण दरवर्षी पायदळी तुडवता. आपल्याला गरज आहे लेफ्ट टॅकलची. विसर पडला असल्यास नम्रपणे आठवण करून देतो: आपला क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे सरकतो, तेव्हा त्याच्या नजरेआडून जो दांडगा गडी त्याच्या अंगावर धावून येतो, त्याला अडवणारा तो लेफ्ट टॅकल. सध्या ही जबाबदारी श्री. डनिगन यांच्याकडे आहे. श्री. डनिगन यांच्या बाजूने एखादी आजी बाजाराची पिशवी घेऊन निघाली, तरी ती आपले क्वार्टरबॅक श्री. मॅबरी यांच्यापर्यंत सुखरूप पोहोचेल आणि त्यांना आडवे करून परतही येईल. गेल्या मोसमात श्री. मॅबरी यांनी मैदानापेक्षा आकाश अधिक पाहिले. आयोवाहून आलेला गॅरेट व्हँडरलिन नावाचा तगडा टॅकल आपल्या पाळीला शिल्लक असेल. त्याला आपण घेणार नाही. निवड चाचणीत अर्धी चड्डी घालून, बंद सभागृहात, कोणी अडवायला नसताना सुसाट पळालेला एखादा घ्याल. त्याला चेंडू पकडता येतो का, हे विचारायचे राहून जाईल.

४. दुसरी फेरी. ही पाळी आपण दुसऱ्या क्लबला देऊन टाकाल आणि बदल्यात पुढच्या वर्षीची पाळी घ्याल. पुढच्या वर्षी बघू, हे आपल्या क्लबचे बोधवाक्यच झाले आहे. माझे वडील पुढच्या वर्षी बघू म्हणत गेले.

५. चौथी ते सातवी फेरी. तिसरी फेरी मी मुद्दाम मागे ठेवली आहे. चौथ्या फेरीत आपण आणखी एक क्वार्टरबॅक घ्याल, म्हणजे आडवे व्हायला दोघे होतील. पाचव्या फेरीत आपल्या प्रशिक्षकांच्या जुन्या मित्राचा मुलगा. सहाव्या फेरीत असा कोणी, ज्याच्या गुडघ्याचे क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टर खुर्चीत बसतील. सातव्या फेरीत, केवळ वेळ संपत आला म्हणून, आपण चुकून एक चांगला खेळाडू घ्याल. त्याला ऑगस्टमध्ये काढून टाकाल, आणि डिसेंबरात तो दुसऱ्याच्या गणवेशात येऊन आपल्याला हरवील. यातले काही चुकले तर मी जाहीर माफी मागेन. आजवर मागावी लागलेली नाही.

६. आता तिसरी फेरी. आपण किकर घ्याल, म्हणजे दोन उभ्या खांबांमधून चेंडू लाथाडून गुण मिळवण्यापुरता मैदानात येणारा गडी. नाव ओवेन प्लेवा. सदर इसम माझा मुलगा आहे.

हे मला कोणी सांगितलेले नाही, पण सांगायची गरज काय? मार्चमध्ये आपले निवड प्रतिनिधी श्री. लँडिस आमच्या घरी आले. माझी पत्नी मार्शा हिने बटाट्याचे सारण भरलेल्या पिएरोगी केल्या होत्या. श्री. लँडिस यांनी त्या तीनदा वाढून घेतल्या आणि मध्येमध्ये ओवेनच्या उजव्या पायाकडे पाहून मान डोलावली. “घ्या ना अजून, संकोच कसला,” असे मार्शा म्हणत राहिली आणि ते घेत राहिले. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारून विचारले, “काय प्लेवासाहेब, माइकवर बोलायची सवय आहे का?” दोन आठवड्यांनी आपले निमंत्रण आले. मी वाचायचे नाव तिसऱ्या फेरीतले. बाप मंचावर उभा, हातात चिठ्ठी, चिठ्ठीत लेकाचे नाव, आणि कॅमेरा बापाच्या डोळ्यांवर रोखलेला. महोदय, इतक्या हुशारीने आपण एखादा सामना आखला असता तर!

७. बाप म्हणून माझी छाती फुगायला हवी होती. पण मी विभाग ११४ मध्ये बसतो, आणि तिकीटधारक म्हणून मला याची शिसारी येते. तिसऱ्या फेरीत किकर कोणी घेतो का? किकर शेवटच्या फेरीत घेतात, किंवा घेतच नाहीत, मागाहून फोन करून बोलावतात. गेल्या मोसमात चार सामने किक चुकल्यामुळे गेले, असे आपण वर्तमानपत्रांना सांगितलेत. ते सामने किक फार लांबून मारावी लागली म्हणून गेले. लांबून का मारावी लागली? श्री. मॅबरी आडवे होते म्हणून. ते आडवे का होते? श्री. डनिगन यांच्यामुळे. हे विभाग ११४ मधल्या कोणालाही विचारा, सामना सुरू होण्याआधीही सांगेल. तिसऱ्या फेरीत दोन बरे टॅकल शिल्लक असतील. आपण त्यांच्यावरून नजर फिरवून माझ्या घरातल्या पोराकडे बघाल. मी स्वतः ओवेनला लाइनमन, म्हणजे टॅकलसारखा अडवणारा गडी, करण्याचा फार प्रयत्न केला. शाळेत असताना त्याला दोन्ही वेळा डुकराचे मांस आणि बटाटे घातले. अंगाला लागले नाही, सगळे पायात गेले.

८. आणखी एक बाब, जी कृपया गोपनीय समजावी. ओवेनचा पाय दणकट आहे, विद्यापीठात त्याने सत्तावन्न यार्डांवरून सामना जिंकून दिला, हे आपल्याला ठाऊकच आहे. आपल्याला ठाऊक नाही ते असे की, वारा समोरून आला की त्याचा चेंडू डावीकडे सरकतो. थोडासाच, पण सरकतो. लहानपणी गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत सरकायचा आणि अजूनही सरकतो. आपल्या मैदानाच्या उत्तर टोकाला वारा कुठून येतो हे सांगायला नको. सरोवरावरून थेट तोंडावर. आणि उत्तर टोकाला आम्ही बसतो.

९. विभाग ११४ ची रीत आपण वरच्या काचेच्या खोलीतून पाहिली असेल, पण ती काय आहे हे आपल्याला कोणी सांगितले नसावे. आपल्या किकरची किक चुकली की आम्ही शिव्या देत नाही, काही फेकत नाही. सगळा विभाग उठतो आणि मैदानाकडे पाठ करून उभा राहतो, पुढचा डाव सुरू होईपर्यंत. कोणी एक अवाक्षर काढत नाही. आपले याआधीचे किकर श्री. स्टोल्ट्झ सध्या ॲरिझोनात विमा विकतात. ते म्हणाले होते की शिव्या घरी जाऊन विसरता येतात, त्या पाठी विसरता येत नाहीत. वळण्याचा इशारा गेली अनेक वर्षे मी देतो. मी टोपी काढली की सगळे वळतात.

माझ्या शेजारच्या आसनावर श्रीमती ग्लोरिया ह्यूबर बसतात. वय ऐंशीच्या घरात, पायात कै. पतीचे शिकारीचे बूट. निवडीची कुणकुण लागताच त्यांचा फोन आला. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो: “युजीन, पोराने चुकवली तर तू टोपी काढणार की नाही, ते आत्ता सांग. उगाच तेव्हा डोकं खाजवत बसू नकोस. मी तर वळणार बाबा. मैदानात माझा नवरा असता तरी वळले असते, आणि त्याला मी आवडत होते.” मी विषय बदलून त्यांच्या बुटांची चौकशी केली. त्या म्हणाल्या, “बरं, मार्शाला विचारलं म्हणून सांग,” आणि फोन ठेवला.

१०. म्हणून मी हा अर्ज करावयास घेतला. ओवेन दूर कुठेतरी जावा, फ्लोरिडात, छप्पर असलेल्या मैदानात, जिथे वारा नाही आणि त्याच्या बापाला ओळखणारे कोणी नाही, असे मनात होते. तिथे चेंडू डावीकडे गेला तर लोक शिव्या देतील, आणि शिव्या तो घरी जाऊन विसरेल.

ईस्टरला तो घरी आला. जेवताना त्याने विचारले, “पप्पा, खरं सांगा, माझी किंमत कितव्या फेरीची?”

मार्शा म्हणाली, “युजीन, पोराला आधी जेवू दे.”

मी सांगितले, “सहाव्या.”

ओवेन खो खो हसला. “आई, ऐकलंस? पप्पांच्या तोंडून सहावी म्हणजे लाडच झाले माझे!” मग त्याने काट्याने सॉसेजचा तुकडा इकडून तिकडे ढकलला आणि खाली मान घालून म्हणाला, “पण ग्लासमेनशिवाय कुणाचा फोन नाही आलेला. एकाचाही नाही. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

मला माहीत नव्हते. मार्शाला माहीत होते. तिने सॅलडचे भांडे उचलले, त्यात भरपूर शिल्लक असतानाही, आणि स्वयंपाकघरात गेली. ओवेन म्हणाला, “नाही घेतलं तर मामाच्या छपराच्या कामावर जाईन. चालतंय की.” तो इतक्या सहज म्हणाला की त्याने हे वाक्य बरेचदा मनात म्हणून पाहिले असावे.

११. इथवर लिहिल्यावर माझ्या ध्यानात आले की हा अर्ज आपण मान्य केलात, तर माझ्या मुलाला कोणीही घेणार नाही. कलम ८ मध्ये तर मी त्याचा एकुलता एक दोष माझ्याच अक्षरात, त्याला विचारणाऱ्या एकुलत्या एक माणसाच्या हातात देऊन ठेवला आहे. ते कलम मी दोनदा खोडले आणि दोनदा पुन्हा लिहिले. खोडले ते बाप म्हणून. पुन्हा लिहिले, कारण वारा समोरून असताना आपले प्रशिक्षक त्याला पन्नास यार्डांवरून उभा करतील आणि वर दोषही त्यालाच देतील. वाऱ्याच्या दिवशी त्याने उजव्या खांबाच्या किंचित बाहेर नेम धरावा, म्हणजे चेंडू मधून जातो. हे मी त्याला सांगितले आहे. माझे तो ऐकत नाही. प्रशिक्षकांचे ऐकेल.

१२. मधेच विषय बदलणारा अर्ज मी माझ्या खिडकीतून परत पाठवतो. आपण तसे करू नये. वरील विषय रद्द समजून माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे नोंदवाव्यात.

ओवेन प्लेवा यास निवडावे. शक्यतो सहाव्या फेरीत. तोवर त्याला कोणी नेत नाही. पण तेवढा धीर आपल्याला नसेल, तर तिसऱ्या फेरीतच घ्यावे. ती निवड वायाच जाणार आहे, आणि लेकाची म्हणून मी तिला चांगली म्हणणार नाही. मंचावर कोणी विचारले तर हेच सांगेन. नाव मात्र मी वाचीन. माझा आवाज त्या वेळी कसा निघेल याची हमी देता येत नाही. कॅमेऱ्याने तेवढा वेळ दुसरीकडे पाहावे.

उरते एक. येत्या मोसमात कधीतरी ओवेन उत्तर टोकाकडे किक मारील, सरोवरावरचा वारा सुटलेला असेल, आणि चेंडू डावीकडे जाईल. हे होणारच आहे. त्या दिवशी इशारा देण्याचे काम मी श्रीमती ह्यूबर यांच्याकडे सोपवले आहे. विभाग वळेल. तो त्यांचा हक्क आहे आणि मी त्यांना अडवणार नाही. त्या सगळ्या पाठींमध्ये एक इसम मैदानाकडे तोंड करून उभा दिसेल. त्याच्याविरुद्ध विभागाची तक्रार आल्यास ती खरी धरावी आणि त्याचे तिकीट काढून घ्यावे. फक्त, पोराने मान वर करून पाहीपर्यंत त्याला तिथून हलवू नये, ही कळकळीची विनंती.

आपल्या निवडींना विटलेला, तरी आपलाच,

(सही)
युजीन प्लेवा
टोलेडो, ता. ९ एप्रिल २०२४