बावन्न मिनिटांच्या प्रवासाबाबत

प्रति,
माननीय बदली अधिकारी,
आरोग्य खाते, विभागीय कचेरी
(खिडकी क्रमांक ४ मार्फत)

विषय : आईच्या बदलीची सुनावणी पुन्हा घेण्याबाबत.
संदर्भ : आपला दि. ५ चा आदेश, 'अर्जदार गैरहजर, प्रकरण बंद'.

महोदय,

१. माझी आई सरकारी रुग्णालयात रक्त तपासते. गेल्या वर्षी तिची पाच वर्षांसाठी दुसऱ्या शहरात बदली झाली. घरी बाबा, सहा वर्षांची धाकटी आणि मी. बाबांची बेकरीत पहाटेची पाळी असल्याने धाकटीला उठवणे, वेण्या घालणे आणि ती रडू लागली की तिच्याहून मोठ्याने गाणे ही खाती माझ्याकडे आहेत. आईने परत बदली मागितली होती.

२. सुनावणी गुरुवारी सकाळी अकराला होती. नोटीस आईच्या हाती बुधवारी संध्याकाळी पाचला पडली. एवढ्या वेळात ती कशी पोचणार, असे मी विचारले तेव्हा आपल्या लिपिकसाहेबांनी संगणकावरून छापलेला कागद दाखवला : अंतर ४३१ किलोमीटर, विमानाने ५२ मिनिटे. "बावन्न मिनिटं, बाळ! मला घरून इथे यायला याहून जास्त लागतात," असे ते म्हणाले.

३. महोदय, आईच्या शहरात विमानतळच नाही. त्यासाठी राखलेले मैदान आहे, त्यावर लोक मोटार शिकतात. तो संगणक कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये सरळ रेघ ओढून विमान उडवून देतो. मी आमची गल्ली आणि शाळा घालून पाहिली, एक मिनिट आले. खरी वाट डोंगराला वळसा घालून जाते : दोन बस, एक रेल्वे, साडेएकोणीस तास. "मला काय पंख फुटलेत?" असे आई फोनवर म्हणाली आणि अंगावरच्या पांढऱ्या कोटानिशी निघाली.

४. अकराला मी शाळा बुडवून हजर होते. 'आई वाटेत आहे' असे तीनदा सांगितले. वक्तृत्वात माझा पहिला नंबर आहे, त्यामुळे आवाज पोचला नसेल असे होणार नाही. सव्वाअकराला प्रकरण बंद झाले. आई एक वाजून दहा मिनिटांनी जिना चढली, तेव्हा खिडकी जेवणासाठी बंद होती. तिला तीनच्या बसने परतावे लागले. धाकटीची शाळा साडेतीनला सुटते.

५. फेरसुनावणीचा अर्ज अर्जदाराने सात दिवसांत स्वतः द्यावा, असा नियम आहे. त्यासाठी रजा मिळते, परंतु आपल्या कागदाप्रमाणे : जाऊन-येऊन दोन तास. दोन तासांत आई पहिल्या बसमधूनसुद्धा उतरत नाही. आज सातवा दिवस आहे.

६. म्हणून मी आले. मुलीचा अर्ज चालत नाही, हे लिपिकसाहेबांनी नीट समजावले. ते वाईट नाहीत, त्यांनी मला खुर्ची दिली. आई परत येईल तोवर माझी शाळा संपून मी कुठेतरी बाहेर शिकायला गेलेली असेन. यात काही बदल होईल असे मला आता वाटत नाही. तरी एवढे करावे : या कागदाची पोच द्यावी आणि तीवर 'घरातले एक माणूस वेळेवर हजर होते' असे लिहून शिक्का मारावा. ती मी आईला पाठवीन.

सोबत : आईची तीन तिकिटे, मैदानाचा फोटो.

पोच मिळेपर्यंत खिडकीसमोर बसलेली,
आपली नम्र,
रक्त तपासणाऱ्या बाईंची थोरली मुलगी
इयत्ता नववी
दि. १२, गुरुवार