रक्त पातळ करायच्या गोळ्या

अण्णा, इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगते. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या हॉस्पिटलात तुमच्या हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी फुग्याने मोकळी करताना फाटली. डॉक्टरांनी तोच फुगा आत फुगवून भोक दाबून धरलं. तरी रक्त थांबेना. मग मांडीतून घातलेल्या तारेवरून, पातळ पडद्याने मढवलेली जाळीची नळी नेऊन आतून बसवली, आणि तुम्ही वाचलात. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "जाळीवर रक्त गोठू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत." मी ते तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं.

पण तुम्ही रोह्याचे पंक्चरवाले. धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्या पोरांना थांबवून सांगायचात, "माज्या नळीला आतून पॅच मारलाय." "काका, मग हवा किती भरायची?" असं ती विचारायची आणि तुम्ही खूश. रविवारी मी पेणहून येते, तुम्ही टबात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधताय. गोळ्या घेतल्या का, विचारते. "घेतो गो," मान वर न करता. आणि कॉलेजात शिकलेली तुमची लेक मी, त्यावर विश्वास ठेवून परतीची एसटी पकडते.

पुन्हा छातीत कळ आली, तेव्हा त्याच डॉक्टरांपुढे धापा टाकत तुम्ही ऐटीत म्हणालात, "गोळ्या कधीच बंद केल्या. भोकातून रक्त सांडलेलं, वर ते पातळ करायचं व्हय? पॅच धरला की काम संपलं. ट्यूबला कोण औषध पाजतो?" जाळीत रक्त गोठून वाहिनी बंद झाली होती. पुन्हा फुगा घातला, पण उपयोग झाला नाही. संध्याकाळी तुम्ही गेलात. माझ्याशी खोटं बोललात आणि त्यापायी मेलात. याला सौम्य शब्द मला शोधायचा नाही.

नंतर डॉक्टर म्हणाले, "ठिगळ मात्र पक्कं होतं. शेवटपर्यंत थेंबभर गळलं नाही." दहाव्याला तुमची ती शिफ्टवाली पोरं आली. एकाने हळूच विचारलं, "पॅच सुटला काय, ताई?" मी म्हटलं, "माहीत नाय." पॅच सुटला नव्हता, हे मला चांगलं माहीत होतं. पण तुमचं निम्मं म्हणणं खरं होतं, एवढंही त्या दिवशी तुम्हाला द्यायची माझी तयारी नव्हती. आजही हे लिहिते आहे ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच.