दुपटं शिवायची रीत

मुक्काम कापडे,
माघ वद्य पंचमी, शके १८५५

मुंबईस असणाऱ्या आमच्या घरधन्यास चंद्रभागेचा नमस्कार. इकडे मामंजींचा खोकला उतरला हाय. म्हशीला रेडकू झालं. भात कणगीत भरून झालं. तुमची खुशाली पत्रातून कळलीच.

आजवर मामंजी शाळेतल्या मास्तरांकडून पत्र लिववून घ्यायचे. हे मी माझ्या हातानं लिवते. नाते गावात बापाघरी तिसरीपर्यंत शिकले, ते आज कामी आलं. मास्तरांना सांगून लिववावं असं यात काय नाय.

तुमी घरातल्या बारीकसारीक गोष्टी इचारल्यात. खोलीशेजारची बाई इचारते, असं लिवलंत. तर त्या शेजारणीला सांगा, तांदळात पोरकिडे झाले तर तांदूळ उन्हात घालू नये, कणी होते. सावलीत पसरावे, पाखडावे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डबा घट्ट लावावा. खाटेत ढेकूण झाले तर सांध्यांत कढत पाणी ओतावं आणि खाट दिवसभर उन्हात उभी करावी. एवढं तर तुमाला ठाऊक हाय. आपल्या लग्नातली खाट तुमीच अशी उन्हात काढायचात.

बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करतात. मऊ फडक्याची लहानशी पिशवी शिवायची, तीत मोहरी सैल भरायची. गच्च भरली तर टोचते. पोट दुखत असेल तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून, आधी आपल्या गालाला लावून बघून, मग पोटावर धरायची.

शेजारणीची तुमाला फार काळजी. मला ताप आला होता तेव्हा काढा कसा करतात हेसुद्धा तुमी कुणाला इचारलं नव्हतंत.

आता उघडच लिवते. तुमच्या चाळीत ऱ्हाणारा आपला शेजारी महिपती हिवतापानं गावी, त्याच्या घरी आलाय. त्याला पेज घेऊन गेले तर तो सहज बोलून गेला, "वैनी, दादाचा पोरगा अगदी दादावर गेलाय." बोलला आणि त्याचं तोंड उतरलं.

मी म्हटलं, "कुठला पोरगा रे?"

तो भिंतीकडे बघायला लागला. मी पेजेचं भांडं खाली ठेवलं नाय. म्हटलं, "सांगितल्याशिवाय पेज मिळायची नाय."

तेव्हा म्हणाला, "मैना म्हणून हाय. कोरेगावकडची. दादाच्याच खोलीत ऱ्हाते. चाळीत सगळे तिला वैनीच म्हणतात."

मी त्याला पेज दिली. त्याचा काय दोष?

घरी येऊन मामंजींना सांगितलं. त्यांना आधीच ठाऊक होतं! म्हणाले, "गडीमाणूस मुंबईत एकटा ऱ्हातो. तू मनाला लावून घेऊ नकोस गो." मी म्हटलं, "मीपण इथं एकटीच ऱ्हाते. नांगरणी, लावणी, तुमचं दुखणंखुपणं एकटीनं काढते. मी एखादा घरात आणून बसवला असता तर असंच बोलला असतात काय?" त्यावर त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि बाहेर निघून गेले.

पण बाई ठेवलीत याचा संताप मी गिळलाही असता. तुमी शेवटी जे लिवलंत ते गिळता येत नाय. "पांडूचं दुपटं पेटीत पडूनच असेल, ते महिपतीबरोबर धाडून दे, कामाला येईल." कामाला येईल! तुमचा हात कसा चालला हे लिवताना?

ते दुपटं पेटीत नाय. पांडूच्या अंगावर हाय. सावित्री नदीच्या काठी त्याला पुरला तेव्हा त्यातच गुंडाळला होता. माझ्या आईच्या लुगड्याचं, निळ्या काठाचं. तुमी आला असतात तर तुमाला ठाऊक असतं. मामंजींनी तार केली होती. रजा मिळत नाय असा तुमचा निरोप आला. महिपती म्हणतो, त्या आठवड्यात तुमी मैनेला घेऊन तिच्या गावच्या जत्रेला गेला होतात.

माझ्या पोराला माती माझ्या बापानं दिली.

त्या दुसऱ्या पोराशी माझं वैर नाय. त्याला दुपटं हवं तर तुमचं जुनं धोतर घ्या. नवं कापड नको, खळ टोचते. दोनदा उकळत्या पाण्यातून काढा, चार पदर घाला, कडेपासून आत धावदोरा घालत या. गाठ अंगाकडच्या बाजूला येऊ देऊ नका. आणि ते तुमीच शिवा. बोटांना सुई टोचू दे.

बाबा उद्या बैलगाडी घेऊन येतायत. मी नात्याला माहेरी जाते. शेताचं काय, म्हशीचं काय, ते मामंजींनी आणि तुमी बघावं. शिमग्याला गावकी बसेल तेव्हा हजर व्हा आणि पंचांसमोर काडी मोडून मला मोकळी करा. नाय आलात तर बाबा तुमच्या चाळीत येतील आणि मैनेला वैनी म्हणणाऱ्या सगळ्यांसमोर तुमाला इचारतील.

कुशाबा, नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. मी घेतलं.

गोमाजीची लेक, पांडूची आई,
चंद्रभागा