चाळीसच्या चाळीस

अमरावती,
१७ जानेवारी २००७

प्रिय निखत,

माझं अक्षर ओळखून कपाळाला आठ्या घालशील, तरी फाडू नकोस. तू धारणीला शिवणाचे क्लास घेतेस, असं तुझी बहीण शाइस्ता सांगत होती. तुझ्या हातात कात्री!

कॉलेजात लिस्प भाषेतले प्रोग्राम यंत्राला समजतील असे करणारा कंपायलर तू लिहिलास आणि तो आपोआप तपासणाऱ्या शेल स्क्रिप्ट मी. मुद्दाम चुकवलेले चाळीस प्रोग्राम द्यायचे, कंपायलरनं एरर देऊन थांबायचं. नुसती शंका असेल तिथं वॉर्निंग देऊन पुढं जायचं. वॉर्निंगच्या टेस्टनी आपल्याला रडवलं, पण एररच्या चाळीसच्या चाळीस पहिल्याच दिवशी पास. तू म्हणालीस, “साधना, असं काहून होऊन राहिलं? एखादी तरी पडाले पायजे.” मी फणकारले, तुले माझं चांगलं झालेलं पाहावत नाही. तू गप्प बसलीस. तुझं तेवढंच चुकलं बघ.

मग आपल्या प्रोजेक्टचं अकोल्याचं सादरीकरण. परीक्षकांनी एका प्रोग्राममधला शेवटचा कंस खोडला, आणि तुझ्या कंपायलरनं एरर न देता, हूं की चूं न करता तो चुकलेला प्रोग्राम गिळला. ते सगळ्यांसमोर म्हणाले, टेस्ट एवढ्या चोख आणि कंपायलर असा कच्चा? तू मान खाली घातलीस. मी शेजारीच उभी होते.

परत आल्यावर स्क्रिप्ट उघडली. फोल्डरचं नाव मीच चुकवलं होतं. कंपायलर चाळीस वेळा सांगत होता की फाइलच सापडत नाही, आणि माझी स्क्रिप्ट एवढंच बघायची की तो थांबला का. थांबला की पास. टेस्ट खरी चालली असती, तर ती चूक तू चार महिने आधी बसल्या बैठकीत काढली असतीस. हे मला त्याच दिवशी कळलं, निखत. त्या वर्षी भाव पडला म्हणून बाबांनी झेंडू बाजारात न नेता बांधावर ओतला होता, घरचे सगळे माझ्या नोकरीकडे डोळे लावून होते. मी तोंडाला कुलूप लावलं. मला माझी लाज वाटते.

काल आपल्या कॉलेजच्या विभागप्रमुखांनी मला प्रयोगशाळेतली कायम नोकरी देऊ केली आणि माझ्यादेखत तुझा अर्ज बाजूला सारला. म्हणाले, कंपायलर कच्चा होता हिचा. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी लेखी मागितलं, तेही दिलं. सोमवारी अकरा वाजता तुला बोलावलंय. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

तुझीच, तू म्हणू देशील तर,
साधना