नळीची दोन टोकं

११ सप्टेंबर

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. खुब्याच्या ऑपरेशननंतर काठी घेऊन तू बाल्कनीपर्यंत गेलीस हे वाचून जिवात जीव आला. इकडे आम्ही दोघं खुशाल. खरं तर तिघं म्हणायला हवं, पण तिसऱ्याबद्दल माझी अजून खात्री नाही, तेव्हा जरा थांब.

आधी चांगलं सांगतो. यंदा पाऊस लवकर संपला. सकाळी मागच्या अंगणात उभं राहिलं की हवा धुऊन वाळत घातल्यासारखी कोरडी लागते. तिथल्या झाडाची पानं कडेने पिवळी व्हायला लागलीत. बांधकामाला याहून चांगले दिवस नाहीत. भिंतीवर मारलेलं पाणी पटकन सुकत नाही आणि माणूसही पटकन दमत नाही. तुझ्या खोलीचा पाया भरून झाला, भिंती कमरेपर्यंत आल्या. खोली स्वयंपाकघराला लागून आहे. उंबरा नाही, पायरी नाही. थंडी पडायच्या आत तू इथे यायचंस हे ठरलेलं आहे. जमीन अशी सपाट करीन की काठी आडवी टाकलीस तरी हलणार नाही.

आता तिसरा. तिरपा आलाय.

हो, आपला तिरपा. मी बोलावलं नव्हतं. गेल्या सोमवारी पिशवी घेऊन दारात उभा. म्हणाला, "दादा, दुकान बंद केलं. ताईची खोली बांधतोयस असं कळलं. दोन हात जास्तीचे असू देत." कळलं कुणाकडून? तू लिहिलंस का? खरं सांग. हिला विचारलं तर म्हणते, "भाऊजी आलेत याचा आनंद करा की." हे काही उत्तर झालं?

जो माणूस एवढी वर्षं लग्नाला यायचा, जेवायचा आणि पहिल्या गाडीने परत जायचा, तो आता राहायला आलाय. जन्मभर घड्याळांचे केसाएवढे स्क्रू फिरवलेला माणूस विटा उचलायला कशाला येईल? कुठेतरी पाणी मुरतंय, ताई.

वागायला गोड आहे, आणि तेच मला खटकतं. वाळू चाळतो, घमेली उचलतो, "दादा, हे असं का करायचं?" म्हणून विचारतो. काल हसत म्हणाला, बाबांच्या हाताखाली शिकायचं राहिलं ते आता साठीच्या उंबरठ्यावर शिकतोय. यात हसण्यासारखं काय होतं?

बाबांची लेव्हलची नळी आठवते ना? तीच अजून वापरतो. पारदर्शक लांब नळी, आत पाणी. एकाने एक टोक पहिल्या खुणेशी धरायचं. दुसऱ्याने दुसरं टोक घेऊन भिंतीच्या पलीकडे जायचं. पहिल्याकडे पाणी खुणेला टेकलं की त्याने "बरोबर" म्हणायचं, मग दुसऱ्याने आपल्याकडे पाणी जिथे असेल तिथे रेघ मारायची. मधे भिंत असते, समोरच्याचं टोक दिसत नाही. त्याच्या शब्दावर चालायचं. आता मी तिरप्याच्या शब्दावर चालू? स्वयंपाकघर तुला माहीत आहे. अजूनही हिच्या हातून कांदा सुटला की थेट मागच्या दारापर्यंत जातो. त्या जमिनीच्या खुणा कुणाच्या हातच्या, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. तिरपा हे नावही तूच ठेवलंस. बाबांनी त्याच्या थोबाडीत दिली आणि पुन्हा थापीला हात लावू दिला नाही.

जाऊ दे. जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?

अक्षर ओळ सोडून जातंय, त्याला मी काही करू शकत नाही. हल्ली वह्यांवर रेघा फारच फिकट छापतात. कारखानेवाले शाईत पाणी घालत असणार.

तुझा सावध भाऊ


२५ सप्टेंबर

ती. ताई,

नमस्कार. तू लिहितेस की तू त्याला काही कळवलं नव्हतंस. म्हणजे हिनेच कळवलं. पण का? तेही कळेल. मी डोळे उघडे ठेवून आहे.

काम छान चाललंय. खिडकीची चौकट बसली. दुपारी फळी टाकून तिघं अंगणात जेवतो. ऊन अंगावर येतं पण टोचत नाही, मधूनच एखादं पिवळं पान डब्यात पडतं. परवा तिरप्याने बाबांची नक्कल केली. ओळंब्याची दोरी धरून एक डोळा मिटायचा आणि "भिंत बोलते रे, ऐकून घ्या!" म्हणायचं, अगदी तसंच. मी इतका हसलो की ठसका लागला. त्याने पाठीवर हात फिरवला. मग मला आठवलं की मला त्याच्यावर नजर ठेवायची आहे.

आता मुद्द्याचं. नळीचं मूळ टोक, म्हणजे पहिल्या खुणेचं, तो धरतो आणि पुढच्या खुणा मी मारतो. माझ्या जाड लाल पेन्सिलीने. संध्याकाळी दोरी ताणली तर एक खूण वर, एक खाली. मी ओरडलो, "नीट धरता येत नाही का? शेवटी तिरपा तो तिरपाच!" तो नळी गुंडाळायला लागला. ही मात्र माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच काही सांडलंय.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी चोख! बोट फिरवून पाहिलं तर माझ्या लाल खुणेच्या जागी भिंत ओलसर, आणि थोडी वर, नाक भिंतीला टेकवल्यावर दिसली ती दुसरी खूण, बारीक शिशाची. असं तीनदा झालं. माझ्या खुणा कोणीतरी पुसतंय, ताई. घरात शिशाची टोकदार पेन्सिल एकाच्याच खिशात असते.

शिवाय मी आत गेलो की ही आणि तो बोलायचे थांबतात. काल "त्यांना कसं सांगायचं" एवढं ऐकू आलं. काय सांगायचंय? माझ्या घरात, माझ्याच बायकोला?

आणखी एक. तो रोज सकाळी स्वयंपाकघरात उभ्याने चहा पितो. कप जमिनीवर ठेवतो, त्यातला चहा एका बाजूला कसा येतो ते बघतो, आणि कप उचलून बाहेर येतो. बोलत नाही. चाळीस वर्षांत एकदाही बोलला नाही. एखाद्याला राग असेल तर त्याने बोलावं. हा न बोलता माझ्या डोळ्यांसमोर कप ठेवतो. तो कशाची वाट बघतोय, हे मला कळलं पाहिजे.

तू म्हणशील, त्या जमिनीचं तुला एवढं काय? काही नाही. सहज लिहिलं.

हिला कळू न देता हे पाकीट मीच टाकून येईन. पत्ता जरा मोठ्या अक्षरात लिहिलाय, पोस्टातली माणसं हल्ली धड बघत नाहीत.

तुझा भाऊ


६ ऑक्टोबर

ती. ताई,

नमस्कार. हे पत्र बसून, सावकाश वाच. यात मी त्याला धाकटा म्हणणार आहे. का, ते पुढे कळेल.

गेल्या मंगळवारी मी सापळा लावला. सिमेंट आणायला जातो म्हणून निघालो आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरलो. पुढच्या दाराने आत आलो, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिलो. अंगणात ही नळीचं एक टोक धरून उभी, पदर खोचलेला. धाकटा दुसऱ्या टोकाशी. त्याच्या हातात ओलं फडकं आणि तो माझी लाल खूण पुसत होता.

मी बाहेर गेलो. "माझ्या खुणा पुसतोस? चोरासारख्या?"

हिने टोक खाली केलं नाही. म्हणाली, "पुसतायत, कारण त्या चुकतायत. पहिल्या दिवसापासून. कुठे बोटभर वर, कुठे दोन बोटं खाली. रोज सकाळी आम्ही दोघं नीट करतो. ताई पडतील ना हो त्या जमिनीवर!"

"टोक तो वाकडं धरतो!"

धाकट्याने नळी माझ्यासमोर आणली. ओरडला नाही. "दादा, पाणी कुठवर आहे? बोट लाव."

मी बोट लावलं. ही तोंड फिरवून झाडाकडे बघायला लागली, तेव्हा मला कळलं मी किती चुकलो ते.

दीड वर्ष झालं, ताई. दिव्याभोवती कडी दिसतात, बारीक रेघ विरघळून जाते. नळीतलं पाणी तर मुळीच दिसत नाही. मी अंदाजाने रेघ मारत होतो. वह्यांवरच्या रेघा ठळकच आहेत. गवंड्याला दिसत नाही म्हटल्यावर त्याच्याकडे काय उरलं, या भीतीने कुणाला बोललो नाही. हिला ते कळलं होतं. माझा तोरा मोडू नये म्हणून तिने धाकट्याला बोलावून घेतलं. ज्याची नजर आयुष्यभर भिंग लावून तयार झालीय, त्याला. त्यांची कुजबुज एवढ्यासाठीच होती, आणि मी काय काय मनात आणलं ते तुला लिहायचीही लाज वाटते.

त्या दिवशी काम बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर नळीतलं पाणी निळंशार. धाकट्याने त्यात कपड्यांची नीळ घातली होती. "आता बघ," म्हणाला. आणि ताई, दिसलं! अंधुक, पण दिसलं.

मी म्हटलं, "आज मूळ टोक मी धरतो. खुणा तू मार."

तो भिंतीच्या कोपऱ्याआड गेला. मला तो दिसत नव्हता, त्याला मी दिसत नव्हतो. ऊन विटांवर आलं होतं. पलीकडून आवाज आला, "बरोबर का?" आणि माझ्या तोंडून "बरोबर" निघेना. हाच प्रश्न, हाच आवाज, हीच नळी. फक्त तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि मी वीस.

ताई, जे तुला चाळीस वर्षं सांगितलं नाही ते आता सांगतो. स्वयंपाकघराच्या जमिनीच्या वेळी मूळ टोक माझ्याकडे होतं. मी ते खिळ्याला अडकवून दारात जाऊन उभा राहिलो. समोरच्या घरातल्याने नवी मोटारसायकल आणली होती, ती बघत होतो. आतून "बरोबर का?" आलं की मान न वळवता "बरोबर!" म्हणत होतो. दहा-बारा वेळा. पाणी खुणेला आहे की नाही, एकदाही पाहिलं नाही. खुणा त्याच्या हातच्या होत्या, म्हणून मार त्याला बसला. थापी आणि ओळंबा माझ्याकडे आला, आणि तो पिशवी घेऊन घड्याळजीकडे कामाला गेला.

हे सगळं मी भिंतीकडे बघत मोठ्याने बोललो. मग तो म्हणाला,

"माहीत आहे, दादा. नळीला दोनच टोकं असतात. माझं मी बघत होतो."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. त्याच दिवशी. बाबांना म्हटलं, मी नीट बघितलंय. तू दारात उभा होतास. ऐकलंस आणि खाली बघितलंस. मग कुणाला सांगणार?"

मी खरंच खाली बघितलं होतं, ताई. तेही मी विसरलेलो नाही. हे एवढे दिवस मी त्याच्यावर नजर ठेवत होतो ते चोर पकडायला नव्हे. हा माझी चोरी हिच्यापुढे कधी उघडी करतो, या धास्तीने. आणि त्याने काय केलं, तर माझ्या चुका रोज सकाळी गुपचूप पुसल्या.

मला रडू आवरेना. तो कोपऱ्यावरून आला नाही. बरंच झालं. थोड्या वेळाने म्हणाला, "रडून झालं की पाण्याकडे बघ. वर की खाली?"

"थोडं खाली घे. अजून. थांब... बरोबर."

"बघून बोल."

"बघूनच बोलतोय."

त्या दिवशी आम्ही सगळ्या खुणा नव्याने मारल्या. शनिवारी जमीन झाली. काल पुरती सुकल्यावर हिने त्यावर मधोमध एक कांदा ठेवला आणि तिघं खाली बसून बघत राहिलो. कांदा जागचा हलला नाही. धाकटा उठून स्वयंपाकघरात गेला, त्याच्या सकाळच्या जागेवर उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, ही जमीन कधी उकरायची?" पुढच्या महिन्यात, मी म्हटलं. तो थांबणार आहे. गुरुवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडेही तोच नेणार आहे, माझ्या शब्दावर मला एकट्याला सोडायला तयार नाही. त्यात त्याचं काही चुकत नाही.

अक्षर आज सरळ आलंय ना? त्याने कागदावर पट्टीने जाड निळ्या रेघा आखून दिल्या.

ताई, एक मागतो. तू इथे येशील, अंगणात पिवळी पानं पडलेली असतील, तो तुझी पिशवी घ्यायला पुढे येईल. तेव्हा त्याला आईने ठेवलेल्या नावाने हाक मार. तू ठेवलेलं नाव त्याने माझ्यासाठी चाळीस वर्षं सांभाळलं. आता ते ज्याचं आहे त्याला परत कर.

वाट बघतो.

तुझा भाऊ,
तिरपा