ओढ्यात सोडलेली लिंबं

छावणी, छत्रपती संभाजीनगर
बुधवार

आदरणीय व्याहीबुवा मोतीरामराव यांना आप्पासाहेबाचा हात जोडून (आणि कंबर धरून) नमस्कार. इकडं कंबर सोडली तर सगळं खुशाल. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नका.

तुमचं पत्र महिन्यापूर्वीच मिळालं. करुणाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, तरी ती ओढ्यातले मासे मोजते आहे. सासऱ्याच्या नात्यानं तिला चार शब्द सुनावा आणि हे पीएचडीचं खूळ बंद करा, असं तुम्ही लिहिलं. मी ते मनावर घेतलं. पत्र सदऱ्याच्या छातीवरच्या खिशात ठेवलं आणि योग्य वेळ शोधत सुनेबरोबर ओढ्यावर जाऊ लागलो. (आमचा इंद्रजीत कंपनीत शिफ्टला असतो, पोरीनं एकटीनं रानात जाणं बरं नव्हे. शिवाय मी आयुष्यभर शेतांची मोजणी केलेला माणूस. माझ्यासमोर कुणी टेप वाकडी धरली तर मला राहवत नाही.) वेळ काही सापडेना. करुणा सदा घोट्याभर पाण्यात वाकलेली, आणि वाकलेल्या माणसाला काय सुनावायचं?

ती शोधत होती तो मुऱ्या नावाचा मासा. बोटाएवढा, मिशावाला, वाळूत तोंड खुपसून बसणारा, अगदी आमच्या ऑफिसातल्या जुन्या हेडक्लार्कसारखा. तो असला तर ओढा अजून जिवंत आहे असं समजायचं. सात महिने फुलंब्रीकडचे ओढे पालथे घातले, मुऱ्या नाही. तिच्या गाईडबाईंनी सांगून टाकलं होतं, या महिन्यात सापडला नाही तर विषय बदला. ही गोष्ट तिनं तुम्हाला कळवली नव्हती, मलाही इंद्रजीतकडून कळली.

तर गेल्या रविवारी पाण्याचा वेग मोजायचा होता. त्याची रीत अशी : दहा मीटर टेप लावायची, वरच्या टोकाला लिंबू सोडायचं, खालच्या टोकाला ते किती सेकंदात पोचतं ते घड्याळात बघायचं. सोडणार करुणा. घड्याळ, वही आणि लिंबू पकडणं माझ्याकडं. वेळ मी बरोबर टिपली, पण पकडायला वाकायचं तर कंबर ऐकेना. पाच लिंबं माझ्यासमोरून गेली. मी त्यांना जाऊ दिलं.

वळणापलीकडं कडूबाई नावाच्या बाई धुणं धूत होत्या. त्यांच्या साडीला एकामागं एक पाच लिंबं येऊन लागली. त्या धोपटणं घेऊनच वर आल्या.

“म्हातारपणी हे धंदे सुचले व्हय रं? कुणाचा उतारा टाकतुया पाण्यात?”

“अहो, मी सरकारी माणूस होतो,” मी म्हणालो.

“मंग तर लईच वाईट!”

धोपटणं वर गेलं आणि मी (अंगी असलेल्या सगळ्या अनुभवानिशी) पाण्यात बसलो. वही बुडाली. घड्याळ तेवढं मी वर धरलं होतं. तुमची पोरगी धावत येऊन माझ्यापुढं उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. तिनं माझ्या हातातलं घड्याळ काढून कडूबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाली, “मावशी, पुढचं लिंबू तुम्हीच मोजा. तुम्हाला काही बाधलं तर आम्ही परत येणार नाही.”

कडूबाईंनी तीन लिंबं मोजली, तिन्ही पकडली, वर मला विचारलं, यात अवघड काय होतं? मग करुणानं मुऱ्याचं चित्र दाखवलं. बाई हसायलाच लागल्या. “हितं कुठं हुडकती गं? आमच्या साबणात तो जगंल का? वर उंबराखाली डोह हाय, तिथं चल.”

डोहाच्या कडेला दगड उचलला आणि मुऱ्या! अर्ध्या तासात सात. करुणा एकेकाला काचेच्या पेटीत घेई, लांबी मोजी आणि सोडून देई. सातवा सोडल्यावर ती नुसती पाण्याकडं बघत बसली. चाळीस वर्षं भांडणाऱ्या भावांच्या बांधावर हद्दीचा दगड सापडला की माझं जसं व्हायचं, तसंच तिचं झालं असावं.  वही भिजलेली, म्हणून लांबी लिहायला मी पहिल्या माशालाच तुमचं पत्र काढून दिलं होतं. मागची बाजू कोरी होती. सात माशांची लांबी आता त्यावर आहे आणि तो कागद गाईडबाईंच्या कपाटात. सुनावायचे चार शब्द त्याच्याबरोबरच गेले, याबद्दल क्षमा असावी.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
आप्पासाहेब

ता. क. येत्या रविवारी स्वतः येऊन पोरीला समज देणार, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. जरूर या. फक्त घरी कुणी नसेल. पहिली एसटी धरा, मी फुलंब्री स्टँडवर स्कूटर घेऊन थांबतो. टॉवेल आणि जुना लेंगा आणा. डोहाचा मधला भाग छातीभर आहे, जाळ्याचं दुसरं टोक धरायला माणूस नाही. मला पोहता येत नाही, आणि इंद्रजीत बादलीलासुद्धा भितो.

आणखी एक. सातवी लांबी लिहून झाल्यावर करुणानं तो कागद उलटून वाचला. बराच वेळ वाचला. स्कूटरवर बसताना एवढंच म्हणाली, “आप्पा, बाबांना अजून पोहता येतं का हो? मला त्यांनीच शिकवलं होतं.” मी तुमच्या वतीनं हो म्हणून बसलो आहे.