हरळीचा नायनाट

२० जून १९४६. उंब्रज.
आजपासून रोजनिशी. सुभेदार पेन्शनीत आला म्हणून शिस्त पेन्शनीत जात नाही.
अंगणात लॉन करण्याचा निर्णय पक्का. इटलीत हॉब्स साहेबांना शब्द दिला होता की लढाई संपल्यावर माझ्या घरी या, तुमच्या मेसपुढं होती तसल्या हिरवळीवर बसून चहा घेऊ. आता निरोप आलाय. दिवाळीनंतर मोटारीनं महाबळेश्वरला जाताना साहेब उतरणार, नंतर कायमचे विलायतेला. म्हणजे चान्स एकच. गावात सगळ्यांना सांगून टाकलं. गाव हसलं. हसू दे गाढवांना.
नाथाजीला सांगितलं नाही. सख्खा धाकटा भाऊ, पण वाटणीत अंगणाचा खालचा अर्धा भाग लाटला तेव्हापासून बोलणं बंद. मध्ये फक्त दगडांची ओळ. साहेब त्याच्या बाजूला ढुंकूनही बघणार नाहीत.

२५ जून.
पुण्याहून विलायती गवताचं बी मागवलंय. त्याआधी हरळी साफ करणं भाग. माझी सगळी बाजू हरळीनं भरलेली. कुळवाड्याची सात पिढ्यांची वैरीण. मुळाची एक काशी जमिनीत राहिली तरी पुन्हा डोकं वर काढते. असलं गावठी गवत साहेबांच्या बुटाखाली घालायचं? कुदळीनं खणून काढली. हाताला फोड.
संध्याकाळी सगळ्या काशा पाट्या भरभरून नाथाजीच्या बाजूला फेकल्या. भोग म्हणावं. आमचं कुटुंब म्हणालं, "आवं, दुसऱ्याच्या हद्दीत हरळी टाकनं लय पाप हाय." बायकांना युद्धशास्त्र कळत नाही.

२ जुलै.
बी पेरलं. उत्तम काम.

३ जुलै.
पाऊस. बी वाहून गेलं. उतार नाथाजीकडं. चोर.

१९ ऑगस्ट.
दुसरं पुडकं पेरलं. चिमण्यांसाठी काठी घेऊन उभा राहिलो. नाथाजीच्या कोंबड्या दगड ओलांडून येतात. शिकवून पाठवतो, दुसरं काही नाही.

३० ऑगस्ट.
गणपती बसले. नाथाजीच्या अंगणात हरळीचं रान माजलंय. सकाळपासून गावातल्या बायका दूर्वा खुडायला तिथं. उपटून का टाकत नाही असं त्यांच्यातल्या बयाबाईनं विचारलं, तर म्हणाला, "रानात थोडीच हाय? रेडकाला हुईल." आळशी मनुष्य. त्याचं अंगण बघून फार बरं वाटलं.

१० सप्टेंबर.
विलायती गवत उगवलं! बारीक, नाजूक, खानदानी. कुटुंबाला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती वाकून वाकून बघत म्हणाली, "कुटं?" नजर अधू झालीय तिची. मिरजेला दाखवली पाहिजे.

२२ सप्टेंबर.
न्हाणीच्या सांडपाण्यानं लॉन बिघडतं असं माझं मत झालं. चर खणून सगळं पाणी दगडांखालून नाथाजीकडं सोडलं. बसू दे चिखलात.

१ ऑक्टोबर.
उन्हानं विलायती गवत मेलं. उरलेली काडी कोंबडीनं माझ्यादेखत नेली. दोष कोणाचा ते स्पष्ट आहे. पुण्याचा दुकानदार लबाड. कुटुंब तिथंच डाळ वाळत घालतं. आणि नाथाजी रोज संध्याकाळी पायरीवर बसून माझ्या बाजूला बघत राहतो. काळी नजर. माझा एकही दोष नाही.

३ ऑक्टोबर.
युरेका. देवापुढं घट बसलाय, त्यातला गहू कसा तरारून वर आलाय! काही दिवसांत हिरवागार. साहेब यायच्या अगोदर पंधरवडाभर अंगणात गहू दाट पेरायचा. साहेबाला लांबून काय कळतंय? प्लॅन तयार. आता घाई नाही.

२७ ऑक्टोबर.
गहू पेरला. कुटुंब म्हणालं, "अंगनभर घट बसिवलाय, आता उपास बी धरा." तिच्या माहेरची सगळी माणसं तोंडाळ.

५ नोव्हेंबर.
गहू वर आला. डोळे निवले! साहेब सतराला येणार, पक्कं.
आता एकच अडचण. नाथाजीचं ते माजलेलं रान. गोऱ्या माणसाच्या नजरेला असली घाण पडली तर इज्जत माझी जाणार. नाथाजी उसाच्या रानात होता तेवढ्यात दगडांनी भरलेली बैलगाडी त्याच्या हरळीवरून चार-पाचदा फिरवली. चेचून सपाट केली.

८ नोव्हेंबर.
चार दिवस झाले नाहीत तोवर हरळी पुन्हा मान वर करून उभी. बेशरम. पण नशीब माझ्या बाजूनं. नाथाजी सासुरवाडीला मेढ्याला गेलाय, आणि जतचा बिराप्पा धनगर मेंढरं घेऊन गावात उतरलाय. खताला म्हणून लोक त्याची मेंढरं आपल्या रानात बसवतात आणि त्याला धान्य देतात. मी त्याला पायलीभर जोंधळा दिला आणि म्हटलं, आज रात्री नाथाजीच्या अंगणात बसव, पार मुळापर्यंत खाऊ दे. बिराप्पा म्हणाला, "भावाच्या वाटणीत मेंढरं, आन् जोंधळा तुमी देताय? लय मोटं मन हाय सुबेदार तुमचं." अडाणी.

९ नोव्हेंबर. ०६००.
मेंढरांनी हुकूम पाळला. हरळी जमिनीलगत कातरलेली. वर नुसता लेंड्यांचा सडा. पूर्ण विजय.

०६१५.
मेंढरं दगडांची ओळ मानत नाहीत. माझा गहू मुळासकट गेला.

१० नोव्हेंबर.
नाथाजी परत आला. अंगणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसला. शिवी दिली असती तर परवडलं असतं. त्याची बायको रंगूबाई खराट्यानं लेंड्या सगळीकडं सारख्या पसरत होती. म्हटलं, थांब. न्हाणीत कुटुंबाला चार घागरी जास्त ओतायला लावल्या. घाण सुटू दे.

१६ नोव्हेंबर.
उद्या साहेब. माझं अंगण कुटुंबानं शेणानं सारवून घेतलं. लॉन 'अंडर प्रिपरेशन' आहे असं सांगायचं. खुर्च्या भिंतीकडं तोंड करून मांडल्यात, म्हणजे पाठ नाथाजीकडं. मोर्चा कसा लावायचा हे मला शिकवायला नको.

१७ नोव्हेंबर. रात्री.
साहेब आले. मी कडक सॅल्यूट ठोकला. त्यांनी खुर्च्यांकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, मागं वळले. दगड ओलांडून सरळ नाथाजीच्या बाजूला. तिथं बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी चालायला लागले. हिरवीगार, दाट, एकसारखी. खरं लिहायचं तर मेसपुढची सुद्धा अशी नव्हती. साहेब म्हणाले, "यू केप्ट युअर वर्ड, सुभेदार!"
मी तोंड उघडणार तोवर नाथाजी हात जोडून पुढं. ही हिरवळ कोणी केली, साहेबांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "समदं दादानंच केलं सायेब. हरळी दादानं टाकली, पानी दादानं सोडलं, वरनं गाडी दादानं फिरिवली, पदरचा जोंधळा दिऊन मेंढरं बी त्येनंच बसिवली. आमी नुस्तं बगत हुतो."
साहेबांना मराठी येत नाही. तर्जुमा मलाच करावा लागला. शब्द न् शब्द खरा.
साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. पाच वर्षांच्या लढाईत असा घेतला नव्हता. चहा रंगूबाईनं केला. कप नाथाजीनं स्वतः माझ्या हातात दिला. त्याच्या गवतावर बसून मी तो प्यायलो. चहा चांगला होता. त्याचाच जास्त राग आला.
जाताना साहेब म्हणाले, येत्या रविवारी मेमसाहेबांना घेऊन परततो, तिला हे लॉन बघायचंच आहे.

१८ नोव्हेंबर.
निर्णय पक्का. नाथाजीचं तोंड बघायचं नाही. न्हाणीचा चर बुजवला. फुकट पाणी काय म्हणून?

२१ नोव्हेंबर.
सकाळी दगडांपलीकडून हाक आली. वाटणीनंतर पहिल्यांदा. "दादा, कडंची हरळी सुकाया लागलीया. आयतवारी मेमसायेब यायच्यात न्हवं तुज्या? पानी सोड की."
त्याच्याशी बोलणं बंद आहे.
पाणी सोडलं.